आमच्या भांड्यांवरचा ढ

ढ म्हणजे काय, हे मला शिकवायला कोणी येऊ नये. शाळेने मला बाकीची अक्षरं अर्धीमुर्धी दिली, हे एक मात्र अख्खं दिलं. तिसरीत होतो. मास्तरांनी पाढा विचारला, मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. सकाळी बापाबरोबर खाडीच्या बांधावर चिखल टाकून आलो होतो, तो नखांत अजून ओला होता. मास्तरांनी माझीच पाटी घेतली, तिच्यावर एवढा मोठा ढ काढला आणि सुतळी ओवून माझ्या गळ्यात अडकवली. "जा, आळीतून फिरून ये," म्हणाले. वर्ग हसला. मी फिरलो. सांगितलं त्याहून जास्त फिरलो. विहिरीवरून, देवळासमोरून, जिथे जिथे माणसं होती तिथून गेलो आणि परत शाळेत न जाता सरळ घर गाठलं. त्या वयातही मला एवढं कळत होतं की मान खाली घातली की लोक पाटीकडे जास्त बघतात.

आई चुलीपाशी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने पाटी बघितली, मला बघितलं, आणि तिला वाटलं की पोराला मास्तरांनी बक्षीस दिलं. मीही तिला तसंच वाटू दिलं. तिने पाटी माझ्या गळ्यातून काढली, भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या ढ ला कुंकू लावलं. बाप संध्याकाळी आला. त्याला थोडं वाचता येत होतं. त्याने कुंकू बघितलं, पाटी बघितली, आणि तोंडावर गमछा धरून अंगणात गेला. हसत होता की काय करत होता ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या वर्षी केळी चांगली गेली म्हणून आईने पितळेचा मोठा टोप घेतला. तेव्हा आळीत भांड्यांवर नाव घालणारा यायचा, हातात छोटी छिन्नी आणि हातोडी. टिक टिक टिक करत काठावर टिंबांनी अक्षर उठवायचा. नाव घातल्याशिवाय भांडं माळ्यावरही ठेवत नसत, कारण आमच्याकडची भांडी घरात बसत नाहीत, फिरतात. आणि आमच्या आळीतल्या माणसांची नावंही ठरलेली, चार देवांची. त्यामुळे अर्ध्या आळीच्या टोपांवर म होता. प्रत्येक लग्नानंतर बायकांची भांडणं, हा माझा म, तो तुझा म.

नाव घालणाऱ्याने आईला विचारलं, "काकी, काय घालू?"

आईने भिंतीकडे बोट केलं. "ते घाल."

"हे?" तो हसायला लागला. "काकी, हे कशाला?"

"माज्या पोराला मास्तरनी दिलंय. घाल गपगुमान."

बाप दारात उभा होता. त्याला खरं माहीत होतं, आणि तो गप्प राहिला. पुढे मी मोठा झाल्यावर त्याला विचारलं की तेव्हा का नाही बोललास. म्हणाला, "इचार केला, ह्यो टोप माजा म्हनून भांडायला दुसरा कोन येनार नाय." आणि तसंच झालं. आमच्या घराचं भांडं कधी चुकलं नाही. दुसऱ्याच्या घरात महिनाभर राहिलं तरी शेवटी आमच्याच दारात आलं.

लोक मला म्हणतात, मोठा झाल्यावर बदलायचास. का बदलू? मास्तरांनी मला दिलं ते मी घेतलं. फुकट मिळालेली वस्तू आहे, वापरायला काय हरकत आहे? मी ती अशी वापरली की आता ती माझी झाली. फावड्याच्या दांड्यावर तापलेल्या सळईने ढ डागला. खाडीच्या बांधावर आमच्या वाट्याला येणारा जो तुकडा आहे, त्याच्या दोन्ही टोकांच्या दगडांवर ढ खोदला, म्हणजे भरतीने बांध फुटला तर माती टाकायला कोणाला हाका मारायच्या ते सगळ्यांना कळावं. वेलीवरचा दुधी बोटाएवढा असताना त्याच्यावर काडीने ओरखडा काढला तर तो ओरखडा दुधीबरोबर मोठा होतो. केळीच्या घडाच्या दांड्यावर पात्याने अक्षर कोरलं की चीक येतो आणि तो काळा पडतो, मग तो घड रात्री कोणी कापून नेला तरी बाजारात ओळखता येतो. एकदा एकाला मी असा भर बाजारात धरला. घड त्याच्या टोपलीत, आणि अक्षर माझं. म्हणाला, "काय पुरावा?" मी म्हटलं, "आख्ख्या वसईत दुसरा ढ दाखव." सगळा बाजार हसला, पण त्या दिवशी माझ्यावर नाही.

पापडीच्या बाजारातल्या दलालांना माझं नाव माहीत नव्हतं. "ढ चा माल आला का?" असं विचारायचे. ढ चा माल म्हणजे वर चांगला आणि खाली किडका, असं नसतं हे त्यांना माहीत होतं. लग्न होऊन आमची म्हातारी आली तेव्हा तिने सासरची भांडी घासता घासता अक्षर वाचलं. ती चौथी शिकलेली, म्हणजे माझ्याहून एक यत्ता वर. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "अवो, हे तुमी का तुमचा बा?" मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "म्हंजे मला देताना लपवलं नाय. टोपावर लिवलं व्हतं, आमच्या घरच्यांनीच वाचलं नाय." आजपर्यंत कोणतीही चूक झाली की ती हेच म्हणते.

बँकेतसुद्धा माझी सही ढ आहे. सुरुवातीला चालली. मग नवीन एक पोरगी बसायला लागली काउंटरला. "आजोबा, पूर्ण नाव लिहा ना, नाहीतर अंगठा द्या." मी म्हटलं, "नाव मला लिहिता येतं. अंगठा मी देणार नाही. सही माझी हीच आहे." ती म्हणाली, "पण हे तर एक अक्षर आहे." मी म्हटलं, "तुमच्या साहेबाची सही बघा, त्यात एकपण अक्षर नाही, नुसता गांडूळ आहे." मागे रांगेतली माणसं हसली. तिला हसायचं नव्हतं पण आलं. झाली सही.

मुलगा माझा विरारला मनवेलपाड्यात राहतो. मुंबईला कामाला आहे, हुशार आहे, कधी नापास झाला नाही. त्याच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर झालेले शिक्षक आहेत. बाकावर बसून मला म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, हजारो वर्षांपूर्वीच्या लिपीतली सगळी अक्षरं बदलत गेली, एकटा ढ तेव्हा होता तसाच राहिला. म्हणून जो सुधारत नाही त्याला ढ म्हणतात." खरं की खोटं देव जाणे. सांगताना त्यांना वाटलं मला वाईट वाटेल. मी त्यांना म्हटलं, "बाकीच्यांनी काय मिळवलं बदलून?" मी उठून आलो.

हे सगळं मी का लिहितोय? कारण गेल्या लग्नसराईत माझ्याच घरात ह्या अक्षराची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी माझ्या नातीच्या हळदीला अंगण रिकामं राहायची वेळ आली.

आमच्या आळीची रीत सांगतो. बाहेरच्याला ती वेडेपणाची वाटेल, वाटू दे. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं तोंडाने होत नाही. मुलीचा असो की मुलाचा, बाप स्वतः प्रत्येक घरी जातो आणि एक भांडं मागतो. कोणाकडे टोप, कोणाकडे परात, कोणाकडे नुसता झारा. मागतो आणि स्वतःच्या हाताने उचलून घरी नेतो. ज्या घरचं भांडं चुलीवर चढलं ते घर लग्नाला आलं. त्या घरच्या बाईने येऊन आपल्या भांड्यावरचं झाकण काढायचं, त्यातला पहिला घास तिने वाढायचा, तोवर कोणी हात लावायचा नाही. आणि ज्याचं भांडं मागितलं नाही त्याला बोलावलं नाही. मग तुम्ही सोन्याच्या अक्षरांत पत्रिका छापा. भांडण असलं की आम्ही शिव्या देत नाही, त्याचा टोप मागत नाही. बस्स. पिढ्यान् पिढ्या ती घरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत.

मुलाला ही रीत ऐकून माहीत होती, करून माहीत नव्हती. त्याच्या लग्नाच्या वेळी मी फिरलो होतो, तो तेव्हा मित्रांबरोबर कपडे बघत होता.

नातीचं लग्न ठरलं. नवरामुलगा चांगला, त्याची माणसंही वाईट नव्हेत. बोलणी आमच्या जुन्या घरी झाली, नातीचाच हट्ट होता. नवऱ्यामुलाकडचे एक काका आले होते, कॉलेजात शिकवणारे. सुनेने पाण्याची पितळी कळशी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, काठावरचं अक्षर वाचलं आणि म्हणाले, "अरे वा! घरातलं ढ कोण म्हणायचं?"

सगळे हसले. ते हसले त्याचं मला काही नाही. पण माझा मुलगाही हसला. खोटं हसला, मालकासमोर नोकर हसतो तसं.

मी म्हटलं, "मी."

हसणं बंद झालं. नात लगेच म्हणाली, "काका, तो आबांचा ट्रेडमार्क आहे. त्याच्यावरून आमची केळी विकली जायची." पोर धीट आहे. काकांनी दोन शब्द सारवासारवीचे बोलून पाणी प्यायलं. पण माझ्या मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या, आणि तेव्हाच ओळखलं की हे इथे संपायचं नाही.

संपलंच नाही. लग्न विरारच्या हॉलमध्ये, ते मी मान्य केलं होतं. हळद मात्र आमच्या अंगणात. मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, हळदीला केटरर सांगितलाय. तो सगळं घेऊन येतो. भांडी, गॅस, माणसं. आपली ती जुनी भांडी माळ्यावरच राहू देत."

"आणि आळी?"

"आळीला पत्रिका पाठवल्या ना. व्हॉट्सॲपवर व्हिडिओपण टाकलाय, गाणं लावून."

"टोप मागायला कधी जाणार?"

"बाबा, मी टोप मागत फिरू? आता? कोणाला कशाला त्रास? म्हाताऱ्या बायांनी ते जड टोप माळ्यावरून काढायचे, घासायचे. त्यांनी आरामात यावं, जेवावं, जावं."

त्याला वाटत होतं तो उपकार करतोय. मी म्हटलं, "जेवायला त्यांच्या घरी काय नाही? त्या जेवायला येत नाहीत, वाढायला येतात."

"बाबा, काळ बदललाय."

"बदलू दे. तू मागायला जा."

"ती अक्षरं पुन्हा त्या लोकांसमोर मांडायची आणि हसं करून घ्यायचं, तेच पाहिजे ना तुम्हाला?"

आली शेवटी पोटातली गोष्ट ओठांवर. आळीला त्रास वगैरे काही नव्हतं. त्या काकांच्या चष्म्याची भीती होती. मी त्याला सांगितलं, मी तुझ्या जागी मागायला जाणार नाही, मुलगी तुझी आहे. आणि मी गेलो नाही. म्हातारी माझ्या पाया पडायची बाकी राहिली होती. "तुमी जावा ना, तुमचं कोन ऐकनार नाय असं हाय का?" मी म्हटलं, "माझं ऐकतील. पण मग बोलावणं माझं होईल, त्याचं नाही. त्याची मुलगी बिनबापाची आहे का?"

हळद चार दिवसांवर आली तरी आमच्या दारात कोणी डोकावेना. एरवी लग्नघर असलं की बायका हळद कांडायला, पापड बघायला, नुसत्या नाक खुपसायला येतात. विहिरीवर गेलो तर बोलणं थांबायचं. शेजारच्या वयनी, माझ्याहून मोठ्या, माझ्या लग्नात त्यांचा भाताचा टोप चढला होता. कुंपणापाशी उभ्या होत्या.

"भावजी, हळद हाय म्हनं तुमच्याकडं."

"हाय म्हनं काय वयनी? हाय."

"आमाला काय ठाव. आमचा टोप तर माळ्यावर पालथा हाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या. ह्याहून मोठी शिवी आमच्या आळीत नाही.

मी मुलाला फोन करून सांगितलं. तो घाबरला, कारण नात रोज विचारत होती की गाणी म्हणायला आज्या कधी येणार. मग त्याने काय करावं? गाडी घेऊन आला, मागच्या सीटवर पेढ्यांचे खोके. घरोघर गेला, प्रत्येकाच्या हातात खोका दिला आणि म्हणाला, "काकी, टोप-बिप काही नको हं. तुम्ही फक्त या." माझा कधी नापास न झालेला मुलगा! जे न बोलता झाकलं गेलं असतं तेही तोंडाने बोलून आला. संध्याकाळी वयनींनी खोका माझ्या ओट्यावर आणून ठेवला, न उघडलेला.

"नको म्हनला, भावजी. पेढा हातात देऊन तोंडावर नको म्हनला. आमच्या सासूच्या जन्मात असं कोनी बोललं नाय."

माझं डोकं असं तापलं होतं की त्याच्यावर भात शिजला असता.

हळदीच्या दिवशी सकाळी केटररचा टेम्पो आला. चकचकीत टोप, मोठ्या कढया, शेगड्या, एक बोर्ड, त्यावर चायनीज काउंटर असं लिहिलेलं. मुलगा अजून मनवेलपाड्याहून निघाला नव्हता. मी माणसांना म्हटलं, "बाबांनो, उन्हात कशाला ठेवता? गोठा रिकामा आहे, सावली आहे, तिथे ठेवा." त्यांना बरं वाटलं. सगळं सामान त्यांनी गोठ्यात नीट लावलं, चहा प्यायला बसले. मी गोठ्याचं दार ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली.

पहिल्यांदा त्यांना गंमत वाटली. मग त्यांनी मालकाला फोन लावला, मालकाने मुलाला. मुलगा आला तो गाडी आडवी लावूनच.

"बाबा, किल्ली द्या."

"नाही."

"बाबा, संध्याकाळी ते लोक उष्टी हळद घेऊन येतील. दीडशे माणूस. कशात शिजवायचं?"

"आळीत टोप कमी आहेत का? माग."

"तुम्ही वेडे झालात!"

"ढ तर होतोच. त्यात वेडा झालो तर काय बिघडलं?"

"तुमच्या एका अक्षरासाठी पोरीची हळद नासवताय तुम्ही!"

"माझ्या अक्षरासाठी? लाज कोणाला वाटली, मला का तुला? माझा टोप चढव नाहीतर नको चढवू. आळीतला माग. त्यांचं अक्षर तर चांगलं आहे ना?"

तो माझ्या अंगावर धावून येतो की काय असं झालं. केटररची माणसं चहाचे ग्लास धरून उभी. सून रडायला लागली. म्हातारी तिला म्हणाली, "मेले तरी किल्ली कडदोऱ्यालाच ठेवतील, काढून घ्यायला आमाला लाज वाटेल म्हनून." तेवढ्यात नात बाहेर आली. दोन्ही हातांवर मेंदी, हात पुढे धरलेले, केस सुटलेले.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कढई कुठली ते मला माहीत नाही. मला हळद कोण लावणार ते सांगा. पप्पांनी ठरवलेली ती इव्हेंटवाली मुलगी? फोटोत हसायला येतात त्या? मी लहान होते तेव्हापासून ह्या आळीतल्या प्रत्येक मुलीच्या अंगाला ह्या आज्यांनी हळद लावलेली बघितलीय. माझ्याच वेळी अंगण रिकामं. पप्पा, तुम्ही जाणार नसाल तर मी जाते मागायला. अशीच जाते."

मुलीने स्वतःच्या हळदीला स्वतः टोप मागायचा, हे आमच्याकडे बाप मेल्यावरही होत नाही. चुलता जातो, मामा जातो. मुलाला एवढं मात्र माहीत होतं. तो वळला आणि फाटकातून बाहेर पडला. गाडीकडे गेला. मी ओरडलो, "चालत जा!" त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याचा बाप नसतो तर त्याने दगड मारला असता. पण गेला चालत.

पहिलं घर वयनींचं. मी कुंपणाच्या अलीकडे केळीआड उभा राहिलो. मला ऐकायचं होतं, त्यात लाज कसली.

"काकी."

"कोन रं?"

"मी, काकी."

"मी मी बकरी पन करते. कोनाचा तू?"

वयनींच्या डोळ्यांना सगळं दिसतं. सुईत दोरा ओवतात अजून. पण मागायला आलेल्याने आपलं घर सांगायचं असतं. मुलाने मागे आळीकडे बघितलं. मग म्हणाला, "ढ च्या घरातला."

"काय? मोठ्यान बोल, मला ऐकू येत नाय."

"ढ च्या घरचा!" तो ओरडलाच. दोन घरांपलीकडून एक बाई ओट्यावर आली.

"आसं. मंग काय पायजे?"

"टोप पाहिजे."

"परवा तर नको म्हनला व्हतास."

"चुकलं काकी."

"पेढं पन लई ग्वाड व्हतं म्हनं. मी खाल्लं नाय, सुनंनं वास घेतला. कोनता देऊ? चहाचा देऊ?"

"भाताचा. मोठा."

"माळ्यावर हाय. चढ. माजी कंबर नाय उठत."

इस्त्रीचा शर्ट घालून माझा मुलगा माळ्यावर चढला. वरून काटक्या, धूळ, उंदराची लेंडी सगळं त्याच्यासकट खाली आलं. टोप एवढा की दोघांनी उचलावा. वयनी म्हणाल्या, "डोक्यावर घे, हातात धरलास तर मधीच ठेवशील. मधी ठेवायचा नसतो." त्याने डोक्यावर घेतला. जुनी काजळी त्याच्या शर्टावर उतरली. आळीतून येताना बायका ओट्यांवर उभ्या. एक म्हणाली, "आरं बग बग, सायब टोपाखाली गेला!" दुसरी म्हणाली, "आमच्याकडं पन यं, नायतर आमी काय पाप केलंय?" तो आला, टोप अंगणात आपटला, माझ्याकडे न बघता पुन्हा गेला. मग परात. मग दोन टोप. मग झारा, मोठा डाव, पाट. उन्हात तो जात राहिला आणि येत राहिला, आणि प्रत्येक फेरीत त्याचा चेहरा अधिक काळा आणि अधिक रागीट होत गेला. प्रत्येक दारात त्याला तेच सांगावं लागलं, कोणाच्या घरचा. शेवटी शेवटी त्याचा आवाज कुंपणापर्यंत यायला लागला होता.

शेवटचं भांडं आल्यावर मी किल्ली केटररच्या माणसाकडे दिली. शेगड्या वापरा म्हटलं, टोप आमचे. तो मला काहीतरी हिंदीत म्हणाला. बरं म्हणाला नसणार.

संध्याकाळी अंगण भरलं. वयनींनी आपल्या टोपाचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली तशी मान मागे घेतली आणि भाताचा पहिला डाव नातीच्या पानात घातला. हळद लावायला इतक्या हातांची गर्दी झाली की इव्हेंटवाल्या मुलीला फोटोला जागा मिळेना. गाणी सुरू झाली, त्यातल्या दोन ओळी माझ्या मुलाच्या नावाने खास रचलेल्या, डोक्यावर टोप घेऊन फिरलेल्या नवरीच्या बापाच्या. नात हसून हसून हळदीने डोळे चोळत होती.

नवऱ्यामुलाकडचे ते काका आले होते. टोपांमधून फिरले, एकेक अक्षर वाचलं, फोटो काढले. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "फार छान आहे हो हे. आता असं कुठे राहिलं नाही."

मी म्हटलं, "राहिलंय. तुमच्यासमोर आहे. भात घ्या."

मुलगा माझ्याशी त्या रात्री बोलला नाही. हॉलमध्ये लग्नाच्या दिवशीही बोलला नाही. फोटोत माझ्या शेजारी उभा राहिला, तोंड समोर. मी पण काही बोललो नाही. माझा राग त्याच्यापेक्षा जुना आहे आणि जास्त टिकतो.

लग्नानंतर दोन दिवसांनी तो जुन्या घरी आला. म्हातारीने भांडी घासून, पुसून, उन्हात पालथी घातली होती. मागणाऱ्यानेच ती परत द्यायची असतात, आत मूठभर तांदूळ टाकून. तो भांड्यांपाशी उभा राहिला, रागाच्या भरात आणताना बघितला नव्हता तो एकेकाचा काठ आता फिरवून बघितला.

"ह्यातलं कुठलं कोणाचं?" त्याने विचारलं. आईला विचारलं, पण ऐकावं मी.

म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. मला सगळी माहीत आहेत. कुठल्या घराने कोणतं अक्षर कधी घातलं आणि कशावरून, झोपेतसुद्धा सांगेन.

"अक्षर आहे त्याच्यावर," मी म्हटलं.

"ट आहे. पण ट कोणाचा?"

"आळीत विचार."

त्याने गाडीची डिकी उघडली, मग काहीतरी मनात येऊन बंद केली. ट चा टोप डोक्यावर घेतला आणि निघाला.

"सांगितलं असतं तर जीभ झडली असती का?" म्हातारी मला म्हणाली.

मी म्हटलं, "धाकटी पोरगी आहे त्याला अजून. तिच्या वेळी मी असेन का?"

पहिल्याच घरी चुकला. तिथल्या सुनेने टोपाचा काठ बघितला, मान हलवली आणि पलीकडच्या दाराकडे बोट केलं. तो तिथे गेला. दाराशी उभा राहून हाक मारायला लागला. मी ओट्यावरून उठलो नाही.